सकाळी उठल्यावर तोंडाला येणारा वास: पोटाचा दोष की दातांचा?

अर्धवट_पुणेकर

नमस्कार मंडळी. विषय जरा लाजिरवाणा आहे, पण इथे कोण मला ओळखतंय म्हणून लिहूनच टाकतो. वय ३८, व्यसन काही नाही, म्हणजे चहा सोडला तर. गेले काही महिने सकाळी उठल्यावर तोंडाला प्रचंड वास येतो. बायको बिचारी काही बोलत नाही, नुसती कूस बदलते आणि चादर नाकापर्यंत ओढून घेते. पण मुलगी पाच वर्षांची, तिला कसली आलीये भीडभाड, शाळेसाठी उठवायला गेलो की "बाबा तू लांबून बोल ना" म्हणते, आणि परवा तर हे सगळं स्कूलबसच्या मावशींना पण सांगून आली.

आत्तापर्यंत केलेले उद्योग: मिंटचा माउथवॉश (अर्धा तास बरं वाटतं, मग जैसे थे), लवंग चघळणे, तांब्याची जिभली आणली पण ती जरा आत नेली की ओकारी येते. आईचं म्हणणं एकच, पोट साफ नाही. त्यामुळे रोज रात्री त्रिफळा चूर्ण कोमट पाण्यातून. पोट आता इतकं वेळेवर साफ होतं की त्यावर घड्याळ लावावं, पण वास आहे तिथेच. शेजारचे एक काका म्हणाले एंडोस्कोपी करून घे, आतड्यात काहीतरी असणार. ते ऐकल्यापासून झोप उडाली आहे.

दिनक्रम पण सांगून टाकतो, कोणीतरी विचारणारच. घरी यायला नऊ, जेवण दहाच्या पुढे, नंतर बडीशेप (ती रंगीबेरंगी गोड वाली), मग झोपताना साखर घालून हळदीचं दूध. एसी रात्रभर. ॲलर्जीची सर्दी आहे म्हणून रात्री एक सिट्रिझिन. घोरतो असं बायको म्हणते, मला तसा काही पुरावा मिळालेला नाही. दात सकाळी घासतो, रात्री घासायची सवय लहानपणापासूनच नाही, आमच्या घरी कोणालाच नाही.

हे नक्की पोटाचं आहे का? कुठल्या डॉक्टरकडे जायचं, पोटाच्या की दातांच्या? की सगळ्यांनाच येतो सकाळी आणि आमच्याच घरात नाकं तिखट आहेत?

खिडकीवाला

अहो नशीबवान आहात, तुमच्याकडे सांगणारं कोणीतरी आहे. आमच्याकडे लग्नाला पंधरा वर्षं झाली, ही सकाळी उठून न बोलता फक्त खिडकी उघडते. मी बरीच वर्षं समजत होतो की तिला पहाटेची हवा आवडते. (दिवे घ्या)

रुमाल टाकून ठेवतो, उत्तरं मला पण हवीच आहेत.

माहेरची_हळद

आईंचं बरोबर आहे हो. रात्री दहानंतर जेवून लगेच आडवं झालं की अन्न पचत नाही, आम तयार होतो आणि तोच वर येतो. जेवण आठच्या आत करा, जेवणानंतर शतपावली, ओवा आणि काळं मीठ. सकाळी उठल्यावर तिळाच्या तेलाच्या गुळण्या करा, दहा मिनिटं तेल तोंडात खेळवायचं आणि थुंकायचं, गिळायचं नाही. आमच्याकडे सासूबाई करतात, पंच्याहत्तरीच्या आहेत आणि अजून चकली खातात. आणि ते माउथवॉश वगैरे केमिकल बंद करा आधी. डॉक्टर लोकांना हे पटणार नाही, पण करून बघायला काय जातंय.

बत्तीशी

डॉक्टर लोकांपैकी एक हजर आहे :) दातांचा दवाखाना चालवतो, कोल्हापूरच्या बाजूला. जरा मोठं लिहितोय, सवडीने वाचा.

आधी एंडोस्कोपीचं भूत उतरवून टाका. तोंडाला वास येतो म्हणून येणाऱ्या दहा पेशंटपैकी आठ-नऊ जणांचं मूळ तोंडातच सापडतं. आपली अन्ननलिका काही उघड्या पाइपासारखी नसते, गिळताना नाहीतर ढेकर येतानाच उघडते, एरवी मिटलेली असते. त्यामुळे पोटातला वास चोवीस तास वर येत राहतो ही समजूत चुकीची आहे. जुनी ॲसिडिटी असेल, छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं, तर ती गोष्ट वेगळी, तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. पोट साफ होणं न होणं याचा तर जवळपास संबंधच नाही, ते तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत.

आता सकाळीच का. दिवसभर आपण बोलतो, खातो, पाणी पितो, लाळ सुटत राहते आणि तोंड आपोआप धुतलं जातं. झोपेत लाळ जवळजवळ बंद होते. जिभेचा मागचा भाग, घशाकडचा, जो आरशात नीट दिसत नाही, तिथे बारीक बारीक खाचा असतात आणि त्यात असे जिवाणू राहतात ज्यांना ऑक्सिजन नकोच असतो. रात्री त्यांचं राज्य. अडकलेलं अन्न, तोंडातल्या मेलेल्या पेशी, हिरड्यातून रक्त येत असेल तर ते, यातली प्रथिनं ते फोडतात आणि गंधकाचे वायू सोडतात. एक हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. दुसरा मिथाइल मरकॅप्टन. सिलिंडर लीक झाला की जो वास येतो ना, तो गॅसचा नसतो, त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो. तुमच्या तोंडात बनतो तो त्याचाच भाऊ. तेव्हा मुलीच्या नाकाला दोष देऊ नका.

थोडाफार वास सकाळी सगळ्यांनाच येतो, मला पण येतो. दात घासून, चहा-नाश्ता झाल्यावर गेला तर काळजीचं कारण नाही. अकरा वाजता ऑफिसात पण राहत असेल तर मात्र हिरड्या, कीड, जुनी कॅप, अक्कलदाढ हे बघायला हवं.

पण तुमचा दिनक्रम वाचून मला हसू आलं, राग मानू नका. दहाला जेवण, वर साखरेची बडीशेप, वर साखर घातलेलं दूध, दात न घासता झोप, तोंड उघडं टाकून घोरणं, एसीची कोरडी हवा आणि लाळ कमी करणारी गोळी. म्हणजे जिवाणूंना जेवण वाढून, दार लावून घेऊन, सकाळपर्यंत कोणी येणार नाही अशी हमी देऊन झोपता तुम्ही. आणि मग सकाळी माउथवॉशने पंचनामा. अहो सकाळी काय उपयोग, जे करायचं ते रात्री.

तर रात्री: दूध प्यायचं असेल तर आधी प्या, मग दोन मिनिटं ब्रश, साधी फ्लोराइडवाली पेस्ट चालेल, महागाची नको. ब्रशच्या आधी दातांच्या फटीतून फ्लॉस, नाहीतर तो छोटा बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इंटरडेंटल ब्रश फिरवा, कारण साधा ब्रश दोन दातांच्या मध्ये पोचतच नाही आणि सगळ्यात घाण तिथेच असते. मग जीभ. त्यानंतर पाण्याशिवाय काहीही नाही, बडीशेपपण नाही. एवढं दोन आठवडे मनापासून करा, मग बोलू.

हळदताई, जीभ साफ करायचं चरकसंहितेत लिहिलेलं आहेच, सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ अशा धातूंच्या जिभल्या सांगितल्यात, त्यामुळे आपलं भांडण नाही. तेलाच्या गुळण्यांनी पण नुकसान काही नाही. फक्त त्या ब्रशच्या ऐवजी नकोत, आणि तेल बेसिनमध्ये थुंकू नका, पाइप तुंबतो.

खिडकीवाला

दार लावून हमी देऊन झोपता _/\_ डॉक्टर, हे मी आमच्या फ्रिजवर चिकटवणार आहे.

अर्धवट_पुणेकर

बत्तीशी डॉक्टर, धन्यवाद, शेजारच्या काकांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते म्हणाले "तरी एकदा करून घे". असो.

शंका: जिभलीने ओकारी येते त्याचं काय करू? आणि सिट्रिझिन बंद करू का? दुसरं म्हणजे स्वतःचा वास स्वतःला कसा कळणार, मी हातावर फुंकर मारून बघतो तर मला काहीच येत नाही, म्हणून तर इतके महिने गेले.

बत्तीशी

हातावर फुंकर मारून कळत नाही, स्वतःच्या वासाला नाक सरावलेलं असतं. मनगटाची आतली बाजू जिभेने चाटा, जीभ जितकी मागची लागेल तितकी बरी, दहा सेकंद वाळू द्या आणि मग वास घ्या. दुसरी पद्धत जास्त कामाची: फ्लॉस मागच्या दाढांच्या फटीतून काढा आणि एकेका जागेचा वेगळा वास घेऊन बघा. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण एखादीच जागा जास्त वास मारत असेल तर तिथे कीड किंवा कॅपखाली काहीतरी चाललंय हे घरबसल्या कळतं.

जिभलीचं: जीभ पूर्ण बाहेर काढा, श्वास हळूहळू बाहेर सोडत राहा आणि मध्यापासून सुरुवात करा, एकदम घशात घालू नका. मागून पुढे ओढायची, हलक्या हाताने, चार-पाच वेळा बास. काही लोक जीभ अशी खरवडतात जशी काही खरपूस झालेली कढई आहे, रक्त येईपर्यंत, तसं नको. दर आठवड्याला जरा मागे सरका, ओकारी आपोआप कमी होते. तांब्याचीच हवी असं नाही, स्टीलची, प्लॅस्टिकची चालते. पांढरा-पिवळा थर निघणं थांबलं की पुरे.

सिट्रिझिन मनाने बंद करू नका. तोंड कोरडं पडतं हे ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा, नाकात मारायचा स्प्रे वगैरे पर्याय असतात. बीपीच्या काही गोळ्या, डिप्रेशनच्या काही गोळ्या यांनी पण तोंड असंच कोरडं पडतं, तिथे पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. नाक मोकळं झालं की तोंड मिटून झोपाल, निम्मं काम तिथेच होईल. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट नको.

रानवारा

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. दात उत्तम, क्लीनिंग केलेलं, रात्रीचा ब्रश लहानपणापासून, तरी वास. एकदा खोकताना तांदळाच्या कणीएवढा पिवळट पांढरा खडा बाहेर आला, बोटाने चुरडून वास घेतला आणि खरं सांगते, गटाराचं झाकण उघडल्यासारखं झालं. टॉन्सिल स्टोन म्हणतात. टॉन्सिलला खळगे असतात, त्यात अन्न आणि मेलेल्या पेशी साचून घट्ट होतात. मी इंटरनेटवर बघून पिनने काढायला निघाले होते, माझ्या बहिणीने हात धरला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, जोरात, मान मागे करून घर्र आवाज काढत. बहुतेक सुटून येतात. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघा, घशाच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके दिसतात का.

सोलापुरी_चादर

एवढा काथ्याकूट कशाला? आमच्या गावी आजी मिश्री लावायची सकाळ-संध्याकाळ, कधी वास नाही की दाढदुखी नाही. ब्रश बघितला पण नव्हता तिने. आता सगळे पेस्टवाल्यांचे धंदे.

बत्तीशी

चादरराव, इथे मात्र मी गप्प बसणार नाही. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, दुसरं काही नाही. दाढदुखी होत नाही कारण हिरडी बधिर होते, आणि वास येत नाही कारण तंबाखूचा वास त्याच्यावर बसतो. माझ्याकडे गावाकडच्या बायका येतात, तंबाखू खाता का विचारलं की ठामपणे नाही म्हणतात, आणि मग गाल बाजूला ओढून बघितलं की दातांची मुळं काळीभोर, हिरड्या खाली सरकलेल्या आणि गालाच्या आत पांढरा चट्टा. मिश्रीला त्या तंबाखू समजतच नाहीत, ते "दात घासायचं" असतं. दिवसातून चार-पाच वेळा दात कोण घासतं हो? तलफ असते ती. तोंडाच्या कॅन्सरचं कारण आहे हे, आपल्या राज्यात २०१२ पासून गुटखा बंद आहे पण मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कोण पकडणार. घरात कोणी लावत असेल आणि चट्टा किंवा बरी न होणारी जखम दिसत असेल तर आठवडा पण थांबू नका.

राखुंडी आणि जाडं मीठ याबद्दल पण सांगतो, ते घासून दातांवरचं आवरण झिजतं, मग गार पाणी झिणझिणतं. कडुलिंबाची काडी चांगली चावून मऊ केली तर चालते, पण त्यानेही फटी साफ होत नाहीत.

सोलापुरी_चादर

बरं बरं, रागावू नका. आजीचं सांगितलं फक्त. काकू अजून लावते, तिला दाखवतो हे.

शिशिरऋतू

न्यू जर्सीहून. इथे कीटोचं फॅड आलं होतं तेव्हा मी पण भात-पोळी बंद केली होती, वजन उतरलं पण सकाळी तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास यायचा, ब्रश करून काही फरक नाही. नंतर कळलं की शरीर चरबी जाळायला लागलं की ॲसिटोन बनतं आणि ते श्वासातून बाहेर पडतं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली नवरात्रात नऊ दिवस उपवास धरले की तुझ्या आजीच्या तोंडाला असाच यायचा. कांदा-लसणाचं पण तसंच ना? रात्री ठेचा खाल्ला की सकाळी नुसत्या दात घासण्याने जात नाही.

बत्तीशी

बरोबर. लसणातला एक गंधकवाला भाग रक्तात मिसळतो आणि फुप्फुसातून बाहेर येतो, त्यामुळे तोंड कितीही धुतलं तरी पचून जाईपर्यंत थांबायचं. ठेचा खायचा तर वासासकट खायचा, त्याला इलाज नाही आणि असूही नये.

तुमच्या निमित्ताने एक महत्त्वाचं: घरात कोणाला डायबेटीस असेल आणि श्वासाला असा पिकलेल्या फळासारखा किंवा रिमूव्हरसारखा वास येतोय, वर उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी, तर ते दातांचं प्रकरण नाही. थेट हॉस्पिटल गाठायचं, सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

चिंचगुळ

धागा हायजॅक करतेय, सॉरी. माझ्या बाबांना पूर्ण कवळी आहे, ते रात्री काढत नाहीत, "उगाच पोपला दिसतो" म्हणतात. सकाळी त्यांच्या खोलीत जाववत नाही. मी एकदा त्यांची कवळी उकळत्या पाण्यात घालून काढली तर म्हणतात आता घट्ट बसत नाही.

बत्तीशी

गरम पाण्याने वाकली असणार ती, बनवून देणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊन दाखवा, वाकडी कवळी टोचून जखमा होतात. कवळीला पेस्ट लावू नका, ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. मऊ ब्रश आणि भांडी घासायचं लिक्विड किंवा हात धुवायचा साबण, मग भरपूर पाणी, आणि रात्रभर साध्या गार पाण्यात बुडवून ठेवायची. रात्री काढायलाच हवी, नाहीतर टाळूला बुरशी धरते, टाळू लालभडक दिसतो. कवळी काढल्यावर हिरड्या आणि जीभ पण ओल्या सुती कापडाने पुसायला सांगा. पोपलं दिसण्याचं म्हणाल तर त्यांना सांगा अंधारात कोण बघतंय.

माहेरची_हळद

डॉक्टर, एक प्रामाणिक शंका. क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात असं म्हणतात, आमच्या शेजारणीचे खरंच हलायला लागले. म्हणून मी कधी केलंच नाही.

बत्तीशी

हा प्रश्न रोज येतो. दात आधीच हललेले असतात. आजूबाजूला कीटण जमून दगडासारखं घट्ट झालेलं असतं, हिरडी आणि हाड मागे सरकलेलं असतं आणि ते कीटणच त्या दातांना टेकू देऊन उभं करतं. टेकू काढला की खरी परिस्थिती कळते, आणि बिल क्लीनिंगच्या नावावर फाडलं जातं. वेळेवर केलं असतं तर हाड गेलंच नसतं. ब्रश करताना रक्त येतं का तुमचं? येत असेल तर हिरड्यांना सूज आहे आणि वासाचं ते मोठं कारण असतं. आणि रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश लावायचा टाळू नका, सगळे नेमकं तेच करतात.

अर्धवट_पुणेकर

अपडेट देतो. फ्लॉस आणला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि एकेका फटीचा वास घेतला (बायको बाथरूमच्या दारात उभी राहून हसत होती). उजवीकडे खालची मागची दाढ, जिचं रूट कॅनल होऊन कॅप बसवलेली आहे, तिथला फ्लॉस नाकाजवळ धरवेना. बाकी ठिकाणी थोडाफार. त्या कॅपच्या बाजूला जेवताना पालेभाजी अडकते, मी काडीने काढतो आणि विसरतो, त्याचा याच्याशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.

दूध नऊ वाजता, बडीशेप बंद, रात्रीचा ब्रश सुरू. मुलगीपण आता माझ्याबरोबर बेसिनपाशी उभी राहते, स्टुलावर, आणि माझी जीभ तपासते. आईला मात्र त्रिफळा बंद केला हे अजून सांगितलेलं नाही. चूर्णाचा अख्खा डबा आणून ठेवलाय तिने, काय करू त्याचं?

बत्तीशी

कॅपच्या कडेला फट असेल किंवा खाली कीड शिरली असेल, एक्स-रेमध्ये कळेल, कधीकधी कॅप बदलावी लागते. जाईपर्यंत तिथे इंटरडेंटल ब्रश फिरवत राहा. माउथवॉशमध्ये क्लोरहेक्सिडीनवाला कोणी लिहून दिला तर सांगितलेल्या दिवसांपुरताच वापरा, जास्त दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तुमच्यासारख्या चहावाल्यांवर तर लवकर पडतात. शिवाय पेस्टनंतर लगेच घेतला तर त्याचा परिणाम कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

त्रिफळा उकळून गाळून गुळण्या करा. तोंडाला चांगलाच असतो, डबा वाया जाणार नाही आणि आईंना खोटंही सांगावं लागणार नाही.

खिडकीवाला

त्या इंटरडेंटल ब्रशच्या पाकिटावर रंग आणि नंबर असतात, कुठला घ्यायचा? मेडिकलवाला मलाच विचारत होता "कितीचा देऊ", जसा काही मी चप्पल घ्यायला आलोय.

बत्तीशी

सगळ्यात बारीक घेऊन सुरुवात करा. फटीत जोर न लावता, जरासा घासून गेला पाहिजे. सुळकन गेला तर एक नंबर मोठा, अडला तर ढकलू नका, त्या फटीत फ्लॉस वापरा. पुढच्या दातांना आणि दाढांना वेगवेगळे लागू शकतात. आणि तार वाकली की टाकून द्या, आठवडाभर चालला तरी पुष्कळ.

खिडकीवाला

बरं. हिलाही एक पाकीट आणतो, पण का आणलं ते विचारलं तर तुमचं नाव सांगणार.